शनिवारची दुरुस्ती

“मागे व्हा,” मी म्हणाले.

मागे व्हायला दुकानात फक्त मामा होते आणि ते आधीच भिंतीला टेकून उभे होते. पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी हे वाक्य रोज म्हणत असे. ते म्हटल्याशिवाय माझ्याच्याने बटण दाबवत नसे.

मी बटण दाबलं. आधी काहीच झालं नाही. मग मशीनच्या पोटातून बारीक गुणगुण आली, काचेवर हिरवट उजेड पसरला, आणि बघता बघता काळ्या आकाशातून चिमुकली विमानं खाली उतरू लागली. पाठोपाठ ते संगीत वाजलं. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी आले की हे संगीत दिवसभर कानात असायचं.

मामांनी डोक्यावरची टोपी काढली. त्यांचे डोळे भरून आले होते.

“अहो मामा, रडताय काय? विशेष काही नव्हतं. पॉवर सप्लाय गेला होता, एवढंच.”

“सुरू झालं म्हंजी,” मामा म्हणाले.

“झालंच की!”

“आता बंद न्हाय पडायचं?”

“मी दुरुस्त केलंय मामा,” मी म्हणाले. “निदान दहा वर्षं बघायला नको.”

मामांनी टोपीनेच डोळे पुसले. त्यांना आनंद आवरत नाहीये असं मला वाटलं. माझी निरीक्षणशक्ती उत्तम आहे, असं माझ्या विभागप्रमुखांनी एका शिफारसपत्रात लिहिलेलं आहे.

पाचगणीच्या बाजारात मामांचं ‘राजपुरे व्हिडिओ गेम्स’ हे दुकान एके काळी गाजलेलं होतं. बोर्डिंगच्या शाळांमधली मुलं रविवारी रांग लावून उभी असत. पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, मग हातोहाती मोबाईल आले आणि मामांनी एकेक मशीन विकून टाकलं. हे एक तेवढं उरलं. माणसाच्या उंचीची लाकडी पेटी, वर काच, खाली दांडी आणि दोन लाल बटणं. सगळ्यांत जुनं आणि बरीच वर्षं बंद पडलेलं, म्हणून कोणी घेतलं नाही. मामी गेल्यावर मामा दुकानामागच्या खोलीत एकटे राहत. दिवसभर दाराशी स्टुलावर बसून काठ्या कोरत, प्रवाशांना विकायच्या. मुठीला पोपट, नाहीतर घोडा. कोरून झालं की लाखेचं पॉलिश. दुकानात कधीही जा, त्या पॉलिशचा गोडसर उग्र वास यायचा.

त्या पावसाळ्यात मामा मोरीत घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण हेमंत हादरला. हेमंत म्हणजे मामांचा मुलगा, पुण्यात नोकरीला. दुकान बंद करा आणि माझ्याकडे चला, असा त्याने धोशा लावला. शेवटी दिवाळीत, सगळे फराळाला बसलेले असताना, मामांनी सगळ्यांसमोर शब्द दिला : “ते मशीन सुरू झालं की दुकानाची किल्ली तुझ्या हातात दिली आणि तुझ्या गाडीत बसलो.”

हेमंतने त्याच संध्याकाळी मला वाईला फोन केला.

“ताई, तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही. तू फिजिक्सची. एकदा सुरू करून दे, बाबा हलतील. दुकानाला गिऱ्हाईकही आहे. गुंदेचा म्हणून एक जण आहे, त्याला तिथे कॅफे काढायचाय. त्याला ते मशीन चालू स्थितीत खिडकीत हवंय.”

“त्यात काय,” मी म्हणाले.

‘त्यात काय’ हे दोन शब्द मी आयुष्यात फार वेळा वापरले आहेत.

तेव्हापासून दर शनिवारी कॉलेज सुटलं की मी एस.टी.ने पसरणीचा घाट चढून जाऊ लागले. मशीनच्या मागचं दार उघडायचं आणि आत डोकं घालून बसायचं. फुगलेले कपॅसिटर काढले, जळलेले डायोड काढले, पुण्याहून बुधवार पेठेतून नवे मागवले. मी काम करत असताना बाजारातलं कोणी ना कोणी दाराशी थांबायचंच. “काय शेठ, लागलं का मशीन मार्गाला?” असं विचारायचं आणि मग मामांच्या शेजारी बसून राहायचं. एकदा एक टक्कल पडलेला गृहस्थ आपल्या बायकोला आणि मुलीला घेऊन आला. “याच मशीनपायी मी दहावीला गटांगळी खाल्ली,” असं त्याने त्यांना अभिमानाने सांगितलं आणि मामांच्या पाया पडला. मला या गर्दीचा त्रास व्हायचा. सोल्डरिंग करताना एकाग्रता लागते.

शेजारी इस्माईलभाईंचं चण्या-फुटाण्यांचं दुकान होतं. ते भट्टीशी बसल्या बसल्या हाक मारायचे, “प्रोफेसरबाई, आज तरी उडणार का विमान?”

आणि आज ते उडालं होतं.

मामांचे डोळे कोरडे झाल्यावर मी त्यांना मशीनच्या मागे बोलावलं. शिकवण्याची संधी मी सहसा सोडत नाही.

“हे बघा. या चौकटीत हे एक छोटं बटण आहे ना, हे सुरक्षिततेसाठी. दार उघडलं की बटण सुटतं आणि सगळ्या मशीनचा वीजपुरवठा तुटतो. कोणी चुकून आत हात घातला तर शॉक लागायला नको. दार लावलं की दाराच्या आतल्या बाजूचा हा लाकडी ठोकळा बटण दाबतो, की वीज सुरू.”

“मग आत्ता दार उघडं असून कसं चाललंय?”

“छान प्रश्न,” मी म्हणाले. “दुरुस्ती करणाऱ्यासाठी सोय आहे. बटण असं बाहेर ओढून ठेवायचं, की दार उघडं असलं तरी चालतं. दार लावताना जरासा धक्का लागला तरी ते आपोआप पहिल्यासारखं होतं.”

मामा वाकून बघत होते. एवढ्या आठवड्यांत त्यांनी मशीनच्या आत पहिल्यांदाच डोकावलं होतं.

“म्हंजी ठोकळा बटणाला टेकलाच न्हाय, तर मशीन मेलं?”

“बरोब्बर!” मी म्हणाले. बी.एस्सी.च्या मुलांना तीनदा सांगूनही कळत नाही ते या माणसाला एकदाच कळलं, याचा मला फार आनंद झाला. तरी खात्री करून घ्यावी म्हणून मी त्यांना सगळं पुन्हा म्हणून दाखवायला लावलं. त्यांनी न चुकता म्हणून दाखवलं.

मग मी दार लावलं, मशीन पुन्हा चालवून बघितलं, हेमंतला फोन केला आणि खाली उतरले. घाटात मला छान झोप लागली.

पुढच्या शनिवारी मी पोचले तेव्हा मामा दाराशी पोपटाची चोच कोरत होते.

“मशीन बंद पडलं गं,” ते मान वर न करता म्हणाले.

“शक्य नाही.”

“बघ की तूच.”

बटण दाबलं. उजेड नाही, आवाज नाही, काही नाही. मी मागचं दार उघडलं, सवयीने बटण बाहेर ओढलं, मल्टिमीटर लावला. जिथे पाच व्होल्ट हवेत तिथे पाच, जिथे बारा हवेत तिथे बारा. पुढे जाऊन पाहिलं तर विमानं उतरत होती. दार लावलं. मशीन मेलं.

दार उघडं, मशीन जिवंत. दार बंद, मशीन मृत. एवढं स्पष्ट लक्षण समोर असताना कोणत्याही सामान्य बुद्धीच्या माणसाने दाराकडे पाहिलं असतं. मी पॉवर सप्लायकडे पाहिलं. दार लावताना हादरा बसतो आणि एखादा कच्चा सांधा सुटतो, असा सिद्धांत मी मांडला आणि अंधार पडेपर्यंत एकूण एक सांधे पुन्हा सोल्डर केले. मामांनी दोनदा चहा आणून दिला.

“दमलीस गं पोरी,” ते म्हणाले. “राहू दे की. एवढं काय अडलंय?”

“मामा, आता हा माझ्या इभ्रतीचा प्रश्न आहे.”

“आसं व्हय,” मामा म्हणाले आणि का कोण जाणे, जरा खिन्न झाले.

सांध्यांनी फरक पडला नाही, तेव्हा मी दमटपणाचा सिद्धांत मांडला. पाचगणीचं धुकं बंद पेटीत साठत असणार. मी पेटीत एक छोटा पंखा बसवला. मी नसते त्या दिवसांत मशीन कधी चालतं, कधी चालत नाही, आणि त्या वेळी धुकं किती असतं, याच्या नोंदी मामांकडून फोनवर घेऊ लागले.

“मंगळवारी काय स्थिती?”

“मंगळवारी लई धुकं. मशीन गप.”

“बुधवारी?”

“बुधवारी ऊन होतं.”

“मग चाललं असेल.”

पलीकडे काठी तासण्याचा आवाज थांबला. “व्हय, जरा खरखरलं. पण लगेच गप झालं.”

या नोंदींवरून मी आलेख काढला. इतका सुरेख आलेख मला एम.एस्सी.च्या प्रबंधातही मिळाला नव्हता. सगळे बिंदू शहाण्या मुलांसारखे एका रेषेवर. इतकी शिस्तशीर निरीक्षणं निसर्ग कधीच देत नाही, हे मी दर वर्षी मुलांना सांगते. पण तो आलेख मी स्टाफरूममध्ये सर्वांना दाखवला.

हेमंतचा धीर सुटत चालला होता. गुंदेचाला उन्हाळ्याच्या हंगामाआधी जागा हवी होती. “येत्या रविवारी आम्ही दोघं येतोय,” हेमंत म्हणाला. “त्या दिवशी चालू करून दाखव ताई. बाबांचं सामानही त्याच दिवशी गाडीत घालतो.”

मी शनिवारी जाऊन मामांकडेच मुक्काम केला. रविवारी सकाळी मामा दूध आणायला गेले असताना शेवटचं एकदा सगळं तपासलं आणि दार लावलं. लावल्यावर लक्षात आलं की टॉर्च आतच राहिला आहे, आणि चालूच आहे.

मशीनला पुढून नाणी काढायची एक खिडकी असते. टॉर्च काढण्यासाठी मी ती उघडली, जमिनीवर आडवी झाले आणि आत पाहिलं. टॉर्चचा झोत नेमका मागच्या दारावर पडला होता. चौकटीतलं बटण पुढे आलेलं होतं. समोर दारावरचा ठोकळा होता. दोघांच्या मधे नखभर फट होती.

मी हात घालून टॉर्च बाहेर काढला.

मग उठून दार उघडलं आणि ठोकळा नीट पाहिला. तो धारदार चाकूने तासलेला होता, अगदी सफाईने. आणि तासल्यावर लाकूड उघडं पडलेलं त्या माणसाला बघवलं नव्हतं. त्याने त्यावर लाखेच्या पॉलिशचे दोन हात मारले होते. त्या कळकट, धुरकट पेटीत तेवढा एकच ठोकळा नव्या काठीच्या मुठीसारखा चकाकत होता. इतके दिवस माझं नाक त्याच्यापासून वीतभर अंतरावर होतं आणि मी धुकं मोजत होते.

मामा दुधाची पिशवी घेऊन आत आले. मी दारापाशी उभी होते, दार उघडं होतं, माझं बोट ठोकळ्यावर होतं. त्यांनी ते पाहिलं. दूध खाली ठेवलं.

“मामा,” मी म्हणाले, “पॉलिश छान झालंय.”

मामा स्टुलावर बसले.

“त्याला शब्द दिलाय गं,” ते म्हणाले. “सगळ्यांदेखत. तवा वाटलं, हे कुठलं सुरू व्हायला? एवढी वर्सं पडलंय. मग त्यानं तुला धाडलं.”

“तुम्ही मला सांगायचं होतंत.”

“तू किती खूश होतीस.”

बाहेर इस्माईलभाईंची हाक आली, “शेठ, चहा सांगू काय? पाहुणे येणार ना आज?” मामांनी मान न वळवता हात वर करून ‘हो’ म्हटलं. रोज सकाळी याच वेळी ही हाक येत असणार आणि हा हात वर होत असणार.

“पुण्याला काय वाईट आहे मामा? हेमंत जीव लावतो.”

“लावतो की. सून बी लावती. सातव्या मजल्यावर राहतात. मागल्या खेपेला पंधरवडा राहिलो, तर मला नावानं हाक मारणारं घराबाहेर कोण न्हाय. लिफ्टमधी एक जण ‘अंकल’ म्हणला.” त्यांनी बाजाराकडे बोट केलं. “हितं रोज कोणतरी थांबतं आणि विचारतं, मशीन सुरू झालं का. सुरू झालं तर काय विचारतील?”

फट किती ते बघायला पर्समधून काढलेलं आदल्या दिवशीचं एस.टी.चं तिकीट माझ्या हातात होतं. घडी घालून ते ठोकळ्यावर चिकटवलं असतं तरी बटण दाबलं गेलं असतं. मशीन सुरू झालं असतं आणि माझा आलेख, माझे सांधे, माझी इभ्रत, सगळं वाचलं असतं. मामांनाही ते दिसत होतं. माझा हा विद्यार्थी हुशार होता.

“शब्द म्हंजी शब्द,” ते म्हणाले. “तू सुरू केलंस तर मी जाणार. तुझ्यावर राग न्हाय.”

बाहेर गाडी थांबली.

हेमंत आला, पाठोपाठ गुंदेचा. तिशीचा, हसतमुख, मशीन बघून खरोखर खूश झालेला. “वा! काय पीस आहे! मॅम, एकदा ऑन करा ना.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी तिकिटाची घडी घातली. आणखी एक घडी घातली. मग ते पर्समध्ये ठेवून दिलं.

“नाही झालं,” मी म्हणाले.

“म्हणजे?” हेमंत म्हणाला.

“पॉवर सप्लाय गेलेला आहे.”

“अगं, तो तर तू बदललास ना?”

“पुन्हा गेला.” आणि मग मी असं एक वाक्य बोलले, जे त्याआधी कधी, अगदी शाळेतल्या भरतकामाच्या तासालासुद्धा, बोलले नव्हते. “मला जमलं नाही.”

गुंदेचाने सहानुभूतीने मान हलवली. “मॅम, तुम्ही फिजिक्सच्याच ना?”

“हो.”

“नाही, असंच विचारलं. तसं काही टेन्शन नाही. माझ्या ओळखीचा एक टेक्निशियन आहे पुण्यात. एका दिवसात करून देईल.”

मामांचा चेहरा पडला. हेमंत मशीनला वळसा घालून मागे गेला. दार उघडंच होतं. तो वाकला, बराच वेळ वाकलेलाच राहिला. विजेचं त्याला काही कळत नसे, म्हणून मी निर्धास्त होते.

“दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही,” मी म्हणाले. माझा आवाज वर्गात चढतो तसा चढला. “मी हे अर्धवट सोडणार नाही. कितीही वेळ लागो. माझ्या हाताखालचं काम आहे, दुसरा माणूस इथे आलेला मला चालणार नाही.”

“मॅम, पण—”

“चालणार नाही.”

हेमंत सरळ झाला. आधी माझ्याकडे बघितलं, मग वडिलांकडे. मामा टोपीची कड नीट करत होते.

“किती दिवस लागतील ताई?”

“सांगता येत नाही. अवघड बिघाड आहे.”

“म्हणजे दर शनिवारी येशील तू?”

“यावंच लागेल.”

“बाबांच्या गोळ्या बघशील? मोरीत खरखरीत फरशी घालून घ्यायचीय, ते उभं राहून करून घेशील?”

“घेईन.”

“दुरुस्ती होईपर्यंत?”

“दुरुस्ती होईपर्यंत,” मी म्हणाले.

हेमंतने गुंदेचाच्या खांद्यावर हात ठेवला. “चल. आमच्या ताईचा हट्ट तुला माहीत नाही. त्याच्यापुढे कोणाचं चालत नाही.” गुंदेचाला पुढे वरच्या आळीत दुसरी चांगली जागा मिळाली. त्याच्या कॅफेत सायकल टांगलेली आहे.

दुरुस्ती सहा वर्षं चालली. दर शनिवारी मी घाट चढायचे. मोरीला फरशी झाली, गोळ्यांना डबा झाला. बाजाराचा गलबला ओसरला की मामा शटर अर्धं खाली ओढायचे आणि मी तिकिटाची घडी ठोकळ्यावर चिकटवायचे. मग आम्ही आवाज बारीक करून विमानं पाडायचो. मी गणिताने खेळायचे आणि हरायचे. मामा नुसते खेळायचे. निघताना घडी काढून घ्यायची, शटर वर. “काय प्रोफेसरबाई, झालं काय?” इस्माईलभाई विचारायचे. “नाही हो,” मी म्हणायचे. “पुढच्या शनिवारी बघू,” ते म्हणायचे आणि गरम फुटाण्यांची पुडी हातावर ठेवायचे. त्यांना शटरमधून सगळं ऐकू येत असे, हे मला फार उशिरा कळलं. कॉलेजात मात्र आजही नव्या माणसाला माझी ओळख करून देताना सांगतात की यांना एक व्हिडिओ गेम दुरुस्त करता आला नव्हता.

मामा त्याच खोलीत, झोपेत गेले. तेराव्यानंतर हेमंत आणि मी दुकान आवरायला गेलो. काठ्या गठ्ठ्याने बांधल्या. शेवटी मशीन उरलं. मला वाटलं, आता सांगायला हरकत नाही. मी घसा साफ केला.

“हेमंत, त्या रविवारी मी तुझ्याशी—”

“त्या रविवारी,” हेमंत म्हणाला, “मी मागे वाकलो, तर ठोकळ्याला बाबांच्या पॉलिशचा वास येत होता.”

मी हातातला काठ्यांचा गठ्ठा खाली ठेवला.

“अगं, मी त्या वासात वाढलोय ताई. हात लावला तर जरा चिकटच लागला. आदल्याच दिवशी दुसरा हात दिला असणार त्यांनी.” त्याने मशीनच्या कडेवरून बोट फिरवलं आणि धूळ बघितली. “आणि तू शनिवारपासून तिथेच बसलेली.”

म्हणजे दुरुस्ती मला जमली नव्हती, आणि खोटं बोलणंही नाही.

“चालू कर की आता,” हेमंत म्हणाला.

मी पर्स उघडून सकाळचं तिकीट शोधू लागले.